अर्ज आपला, शब्दही आपले

दहावीचा निकाल लागला की घराघरांत कागदांची धावपळ सुरू होते. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डाची प्रत, फोटो असे एकेक कागद पिशवीत जमू लागतात. हे सारे कागद दुसऱ्या कोणीतरी तयार करून दिलेले असतात. गुणपत्रिका मंडळ देते, शाळा सोडल्याचा दाखला शाळा देते, उत्पन्नाचा दाखला तहसीलदार कार्यालयातून मिळतो. पिशवीतला एकच कागद तुम्हांला स्वतः लिहायचा असतो. तो म्हणजे अर्ज.

तुम्ही म्हणाल, अकरावीचा प्रवेश तर गुणांवरून ठरतो, तेथे अर्जात काय लिहायचे? बरोबर आहे. तेथे नाव, पत्ता आणि गुण भरले की काम होते. पण वसतिगृहात जागा हवी असेल, शिष्यवृत्ती हवी असेल, फीसाठी एखाद्या ट्रस्टची मदत हवी असेल, किंवा पुढे एखाद्या विद्यापीठात मुलाखत देऊन प्रवेश घ्यायचा असेल, तर 'स्वतःविषयी लिहा' असा प्रश्न समोर येतोच. अमेरिकेतील अनेक कॉलेजांच्या सामाईक अर्जात विद्यार्थ्याला जास्तीत जास्त ६५० शब्दांचा निबंध लिहावा लागतो. ब्रिटनमध्ये २०२६ सालच्या प्रवेशापासून विद्यार्थ्यांना तीन प्रश्नांची उत्तरे लिहावी लागतात: हा विषय तुम्हांला का शिकायचा आहे? आतापर्यंतच्या अभ्यासाने तुमची त्यासाठी काय तयारी झाली? आणि अभ्यासाच्या बाहेर तुम्ही त्यासाठी काय केले? हे तीन प्रश्न लक्षात ठेवा. आपल्या साध्या अर्जालाही ते उपयोगी पडतात.

अर्ज या शब्दाकडे जरा पाहू. हा शब्द अरबी आहे आणि त्याचा अर्थ पुढे ठेवणे, मांडणे असा आहे. मुशायऱ्यात शायर आपला शेर ऐकवण्यापूर्वी 'अर्ज किया है' असे म्हणतो, तोच हा शब्द. मराठी कचेरीच्या भाषेतले अर्जदार, मजकूर, हकीकत, दाखला हे शब्दही तुमच्या ओळखीचे आहेत. म्हणजे मराठीत अर्ज लिहिताना तुम्ही अगदीच परक्या घरात पाऊल टाकत नाही. पण शायराची एक गोष्ट तुम्हांला ठाऊक असेल. 'अर्ज किया है' म्हणून त्याने दुसऱ्याचा शेर आपला म्हणून ऐकवला, तर ऐकणारे हसतात. अर्जाचेही तसेच आहे.

शेत नसलेला शेतकरी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. टेमघरचा एक विद्यार्थी दहावी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला. त्याला यंत्र अभियांत्रिकीच्या पदविकेला जायचे होते. फीसाठी त्याने एका ट्रस्टकडे अर्ज केला. अर्ज शुद्ध मराठीत होता. अक्षर सुंदर होते. चार दिवसांनी ट्रस्टच्या लोकांनी त्याला भेटीला बोलावले. त्यांच्यापैकी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी अर्ज वाचून विचारले, "बेटा, तुमचे शेत कुठे आहे?"

मुलगा गप्प राहिला.

अर्जात लिहिले होते, 'माझे वडील एक गरीब शेतकरी असून सततच्या दुष्काळामुळे आमची परिस्थिती अत्यंत हलाखीची झाली आहे.' त्याने हे वाक्य अर्जलेखनाच्या एका मार्गदर्शक पुस्तकातून उतरवले होते. त्याचे वडील शेतकरी नव्हते. ते भिवंडीच्या एका कारखान्यात लूम चालवत होते. मुलाला खोटे बोलायचे नव्हते. त्याला वाटले होते की अर्ज असाच लिहितात, अर्जातले वडील शेतकरीच असतात!

आपल्याला हसू येते. पण त्या मुलाची काय अवस्था झाली असेल, याचाही विचार करा. त्याची गरज खरी होती, गुण खरे होते. खोटे होते ते फक्त एक उसने वाक्य. त्या एका वाक्यामुळे खऱ्या गोष्टींवरही संशय आला. ट्रस्टने अर्ज परत केला आणि आठ दिवसांत नवा अर्ज आणायला सांगितले. कॉलेजची फी भरण्याची मुदत त्यानंतर चारच दिवसांनी संपत होती.

त्या आठ दिवसांत काय घडले ते मी पुढे सांगेन. आधी हे पाहू की मुले असे का करतात.

याची कारणे तीन आहेत. पहिले कारण मराठीची भीती. आपण घरी उर्दू बोलतो, शाळेत उर्दूत शिकतो, आणि मराठी ही आपली दुसरी भाषा. आपले वाक्य चुकेल, म्हणून आपण छापील वाक्य घेतो. दुसरे कारण म्हणजे अर्जाला एक ठरावीक भाषा असते, ही समजूत. उर्दूतल्या अर्जात 'मुअद्दबाना गुजारिश है' आणि 'ऐन नवाजिश होगी' हे शब्द येतात. मराठीत 'वरील विषयास अनुसरून' आणि 'आपला आज्ञाधारक' हे शब्द येतात. हे शब्द दाराच्या चौकटीसारखे आहेत. चौकट असावी, पण चौकट म्हणजे घर नव्हे. तिसरे कारण सर्वांत मोठे आहे. आपल्याला वाटते, माझ्याजवळ सांगण्यासारखे आहे तरी काय? शाळा, घर, लूमचा खडखडाट, यात लिहिण्यासारखे काय आहे?

मी स्वतः ही चूक केली आहे. बी.एड.च्या प्रवेशाच्या वेळी एका अर्जात छंदांची जागा होती. एका मैत्रिणीच्या अर्जातून मी 'वाचन, बागकाम, पोहणे' असे उतरवून घेतले. मुलाखतीत बाईंनी हसून विचारले, "पोहायला कुठे शिकलात?" मी आजपर्यंत पाण्यात उतरलेले नाही. मला शिवणकाम उत्तम येते, धाकट्या बहिणींचे सारे कपडे मीच शिवले होते. पण ते मला लिहिण्यासारखे वाटले नव्हते. नंतर ते सांगितले, तेव्हा बाईंनी शिवणकामाविषयी मला बरेच काही विचारले आणि मला उत्तरेही आली.

कल्याणची मुलगी आणि दोन पत्रे

आता आपल्या शेजारचेच एक उदाहरण घेऊ. टेमघरच्या नाक्यावरून कल्याणच्या रिक्षात बसलात, कोनगाव मागे टाकले आणि दुर्गाडीजवळचा खाडीपूल ओलांडला, की कल्याण आले. ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली एक मुलगी या कल्याणात वाढली. तिचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी तिचे लग्न टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाले आणि ती आनंदीबाई जोशी झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. त्या काळी स्त्रिया पुरुष डॉक्टरकडे जात नसत आणि स्त्री डॉक्टर मिळत नसे. या दुःखातून आनंदीबाईंनी डॉक्टर होण्याचे ठरवले.

त्यांच्या शिक्षणासाठी जी पत्रे लिहिली गेली, त्यांतील दोन आपल्या कामाची आहेत.

पहिले पत्र गोपाळरावांनी लिहिले. पत्नीला शिकवण्याची त्यांची तळमळ मोठी होती. १८७८ साली त्यांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्यांना पत्र पाठवून स्वतःसाठी नोकरी आणि पत्नीसाठी शिक्षणाची सोय मागितली. उत्तरात त्यांना ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याविषयी सुचवण्यात आले. त्यांना ते मान्य नव्हते. पण हा पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मासिकात छापला गेला. १८८० साली न्यू जर्सी राज्यातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दंतवैद्याकडे बसल्या असताना त्यांच्या हाती ते मासिक आले. त्यांचे मन हलले आणि त्यांनी जोशी कुटुंबाला पत्र लिहिले. तेव्हापासून आनंदीबाई आणि कार्पेंटरबाई यांची पत्रे सुरू झाली. तीन वर्षे आनंदीबाई स्वतःच्या हाताने, नव्याने शिकलेल्या इंग्रजीत, आपल्या घराविषयी आणि आपल्या मनाविषयी लिहीत राहिल्या. ही त्यांची खरी तयारी होती.

अमेरिकेला जाण्याचे ठरल्यावर लोकांनी खूप टीका केली. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील सेरामपूर येथे आनंदीबाईंनी जाहीर भाषण केले. मी अमेरिकेला का जाते, येथे शिकण्याची सोय का नाही, लोक वाळीत टाकतील याची भीती वाटते की नाही, अशा प्रश्नांची त्यांनी एकामागून एक उत्तरे दिली. आपला धर्म आपण सोडणार नाही, हेही स्पष्ट सांगितले. त्या वेळी त्यांना अठरावे वर्षही पूर्ण झाले नव्हते.

त्याच वर्षी त्या अमेरिकेत पोहोचल्या आणि २८ जून १८८३ रोजी त्यांनी दुसरे पत्र लिहिले. हे पत्र त्यांनी स्वतः लिहिले. पेनसिल्व्हानियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे एक पदाधिकारी अल्फ्रेड जोन्स यांच्या नावाने ते होते. तो त्यांचा प्रवेशाचा अर्जच होता.

या अर्जात काय होते? प्रवेशाच्या सर्व अटी आपण पुऱ्या करत नाही, हे त्यांनी लपवले नाही. आपली परिस्थिती वेगळी आहे, तिचा विचार व्हावा, एवढी विनंती केली. आपले मित्र आणि आपली जात यांचा विरोध असताना आपण इतक्या दूर आलो, हा निश्चयच पुढे उपयोगी पडेल, असे सांगितले. आणि येण्याचा हेतू एका गोष्टीत मांडला: माझ्या देशातील स्त्रिया पुरुष वैद्याच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांना मला औषधोपचार द्यायचा आहे.

मुलांनो, हा शेवटचा मुद्दा पुन्हा वाचा. 'मला समाजसेवेची आवड आहे' असे कोणालाही लिहिता आले असते. पण आनंदीबाईंनी जे लिहिले, ते ज्या आईने दहा दिवसांचे बाळ गमावले तिला ठाऊक होते. त्यांनी आपल्या बाळाचे दुःख पुढे करून दया मागितली नाही. त्या दुःखातून त्यांना जे समजले, ते सांगितले.

कॉलेजने त्यांना प्रवेश दिला. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांचे नाव आहे. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली. पण क्षयाने त्यांचा देह पोखरला होता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्या बावीस वर्षांच्याही नव्हत्या. त्यांना रुग्णसेवा करायला मिळाली नाही, तरी त्यांच्या मागून किती तरी मुली डॉक्टर झाल्या.

गोपाळरावांच्या पत्राला आपण वाईट म्हणू नये. त्या पत्राने एक दार ठोठावले. पण दारातून आत जाताना आनंदीबाईंना स्वतः बोलावे लागले. तुमचे वडील, मोठा भाऊ, शिक्षक तुम्हांला अर्जासाठी मदत करतील, ती जरूर घ्या. पण 'मी' हा शब्द अर्जात आला, की त्यापुढचे वाक्य तुमचेच असले पाहिजे.

आणखी एक उदाहरण थोडक्यात सांगते. १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात मुक्ता साळवे या मुलीचा निबंध छापून आला. ती जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकत होती. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिले. आपल्या समाजातील बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्पर नसते, ही गोष्ट तिने त्यात मांडली. तिने मोठमोठे शब्द शोधले नाहीत. तिने छप्पर नसलेले घर दाखवले. आज पावणेदोनशे वर्षे होत आली, तरी तो निबंध लोक वाचतात.

आपले शब्द कसे सापडतात?

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. मी माझ्या वर्गात पुढील रीतीने अर्ज लिहून घेते. तुम्हीही तसे करून पाहा.

पहिली पायरी: आधी बोला, मग लिहा. जवळ मित्राला किंवा बहिणीला बसवा. तिने विचारावे, "तुला हे का शिकायचे आहे?" तुम्ही उर्दूत उत्तर द्या. घरात जसे बोलता तसेच बोला. तिने चार शब्द कागदावर टिपून घ्यावेत. आनंदीबाईंनीही अर्ज लिहिण्यापूर्वी सेरामपूरला लोकांसमोर उत्तरे दिली होती, हे आठवा. जे तोंडातून नीट निघत नाही, ते कागदावरही नीट उतरत नाही.

दुसरी पायरी: एक प्रसंग निवडा. 'मला विज्ञानाची फार आवड आहे' हे वाक्य शंभर मुले लिहितात. माझ्या वर्गातील एका मुलीनेही तेच लिहिले होते. मी विचारले, "आवड आहे हे तुला कधी कळले?" ती म्हणाली, "पाण्याच्या केंद्रावर." आपल्या टेमघरला पाणी शुद्ध करण्याचे मोठे केंद्र आहे. शहाडजवळ उल्हास नदीतून उचललेले पाणी येथे येते आणि शुद्ध होऊन भिवंडी, ठाणे, मीरा-भाईंदरकडे जाते. तिने गढूळ पाण्यात तुरटी मिसळताना पाहिली होती. गाळ खाली बसतो, पाणी वाळूच्या थरांतून गाळले जाते, शेवटी त्यात क्लोरीन घालतात. घरी येऊन तिने बादलीत तुरटी फिरवून पाहिली आणि गाळ बसायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजले. मी म्हटले, "मग हेच लिही." तिने 'आवड' हा शब्द खोडला आणि बादली लिहिली. वाचणाऱ्याला तिची आवड आपोआप दिसली.

तिसरी पायरी: मराठी सोपी ठेवा. उर्दू वाक्याचे शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करू नका. लहान लहान वाक्ये करा. 'माझे वडील लूम चालवतात. त्यांना मीटरवर मजुरी मिळते. वीज गेली की लूम बंद पडतो.' या तीन वाक्यांत एकही अवघड शब्द नाही, पण सारे घर दिसते. 'हलाखी' हा शब्द वापरूच नये असे नाही. पण ज्याचा अर्थ तुम्हांला नीट सांगता येत नाही, तो शब्द अर्जात घेऊ नका. कोणी विचारले तर काय सांगाल?

चौथी पायरी: अडचण सांगा, पण दया मागू नका. घरची परिस्थिती सांगणे यात लाज नाही. ती स्पष्ट सांगावी. किती माणसे, किती कमावणारे, फी किती, त्यांतली घरून किती भरता येईल. आकडे सांगितले की रडावे लागत नाही. आणि अडचणीच्या पुढे तुम्ही काय केले, हे एका वाक्यात लिहा. अर्ज वाचणाऱ्याला तुमचे दुःख कळले पाहिजे, तसे तुमचे बळही कळले पाहिजे.

पाचवी पायरी: नाव झाकून वाचा. अर्ज पूर्ण झाला की आपले नाव बोटाने झाका आणि मित्राला वाचायला द्या. त्याने ओळखले पाहिजे की हा अर्ज तुमचाच आहे. तोच अर्ज शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या नावाने चालत असेल, तर अजून काम बाकी आहे.

येथे एक सावधगिरी सांगते. आपल्या शब्दांत लिहा याचा अर्थ मनाला येईल तसे लिहा, असा नाही. तारीख, पत्ता, विषय, आदराचे संबोधन, शेवटी सही, हे सारे नियम पाळावेत. अर्ज वेळेत द्यावा. शुद्धलेखन शिक्षकांकडून तपासून घ्यावे. मी मुलांच्या अर्जातील वेलांट्या सुधारते, क्रियापद चुकले तर सांगते. पण त्यांच्या गोष्टीला मी हात लावत नाही. 'बादली' खोडून मी 'प्रयोगपात्र' लिहिले, तर अर्ज माझा होईल, तिचा राहणार नाही.

आजकाल मोबाईलवरचे यंत्रही एका मिनिटात अर्ज लिहून देते. तो अर्ज वाचायला गोड असतो. पण त्या यंत्राने तुमच्या घरातली बादली पाहिलेली नसते. तुम्ही ते सांगितले नाही, तर ते यंत्र मार्गदर्शक पुस्तकासारखेच तुमच्या वडिलांना शेतकरी करून टाकील! एखादा शब्द विचारायला त्याचा उपयोग करा. तुमची हकीकत मात्र त्याच्याकडून लिहून घेऊ नका.

आठ दिवसांनंतर

आता टेमघरच्या त्या मुलाकडे परत येऊ. अर्ज परत आल्यावर तो माझ्याकडे आला. मान खाली होती. म्हणाला, "मिस, मी काय लिहू? माझ्याकडे काहीच नाही." मी त्याला विचारले, "तू रोज संध्याकाळी काय करतोस?" तो म्हणाला, "अब्बांचा डबा घेऊन कारखान्यात जातो." मग विचारले, "तिथे काय पाहतोस?" तो म्हणाला, "पाहत नाही, ऐकतो." आणि मग तो जे बोलला, ते मी त्याला तसेच लिहायला सांगितले. त्याने स्वतःच्या मराठीत लिहिलेल्या अर्जाचा मधला भाग असा होता:

'माझे वडील बावीस वर्षे लूम चालवतात. त्यांना मीटरवर मजुरी मिळते. घरात आम्ही सहा माणसे आहोत आणि कमावणारे वडील एकटे आहेत. मी रोज संध्याकाळी त्यांचा डबा घेऊन जातो. कारखान्यात बोलणे ऐकू येत नाही, एवढा आवाज असतो. पण लूम बिघडणार असेल तर धोट्याचा आवाज आधी बदलतो. वडिलांनी मला तो आवाज ओळखायला शिकवले. लूम बंद पडला की जॉबर येतो. जॉबर येईपर्यंत वडिलांची मजुरी बुडते. जॉबर दुरुस्ती करतो तेव्हा मी बाजूला उभा राहून पाहतो. तो काय करतो ते मला दिसते, पण का करतो ते समजत नाही. ते समजण्यासाठी मला यंत्र अभियांत्रिकी शिकायची आहे. आधीच्या अर्जात मी वडिलांना शेतकरी लिहिले होते. ती माझी चूक होती. मी ते पुस्तकातून घेतले होते.'

अर्जात दोन ठिकाणी वेलांटी चुकली होती, ती सुधारली. शेवटची तीन वाक्ये लिहू की नको, असे त्याने विचारले. मी म्हटले, "तू ठरव." त्याने ती ठेवली. सुरुवातीचे ते तीन प्रश्न त्याने ऐकलेले नव्हते, तरी 'का शिकायचे' आणि 'त्यासाठी काय केले' यांची उत्तरे या अर्जात आली आहेत की नाही, ते तुम्हीच पाहा.

ट्रस्टच्या लोकांनी त्याला पुन्हा बोलावले. त्याच वडीलधाऱ्या गृहस्थांनी पुन्हा एकच प्रश्न विचारला, "धोट्याचा आवाज कसा बदलतो?" या वेळी मुलगा गप्प राहिला नाही. तो बोलत राहिला आणि ते ऐकत राहिले. ट्रस्टने त्याची निम्मी फी भरली. उरलेली निम्मी वडिलांनी हप्त्याहप्त्याने भरली. पदविका पूर्ण करून तो आज एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम करतो.

खरा अर्ज लिहिला की काम होतेच, असे मात्र मी म्हणणार नाही. बादलीचा अर्ज लिहिणाऱ्या मुलीला त्या वर्षी वसतिगृहात जागा मिळाली नाही. जागा थोड्या होत्या, अर्ज पुष्कळ होते. ती रडली. पण महिन्याभराने दुसऱ्या ठिकाणी अर्ज करायची वेळ आली, तेव्हा तिला पुन्हा पुस्तक शोधावे लागले नाही. तिने तोच अर्ज काढला, तारीख आणि पत्ता बदलला, आणि चार ओळी नव्या लिहिल्या. उसना अर्ज एकदा नापास झाला की हातात काही उरत नाही. आपला अर्ज आपल्याजवळच राहतो.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, लवकरच तुमच्याही हातात तो कोरा कागद येईल. तेव्हा शेजारच्या वहीत डोकावू नका. क्षणभर डोळे मिटा. तुमच्या घरातला, गल्लीतला, कारखान्यातला कोणता आवाज तुम्हांला ऐकू येतो, ते पाहा. मग लेखणी उचला आणि तो आवाज कागदावर मांडा. अर्ज या शब्दाचा अर्थच मुळी तो आहे.

स्वाध्याय

१. 'अर्ज' या शब्दाचा मूळ अर्थ कोणता? मुशायऱ्यात तो कसा वापरला जातो?

२. गोपाळरावांचे पत्र आणि आनंदीबाईंचा अर्ज यांतील फरक चार-पाच वाक्यांत सांगा.

३. 'चौकट असावी, पण चौकट म्हणजे घर नव्हे' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.

४. 'मला खेळाची फार आवड आहे' हे वाक्य खोडून त्याऐवजी तुमच्या आयुष्यातील एक खरा प्रसंग पाच लहान वाक्यांत लिहा.

५. तुमच्या वडिलांच्या किंवा आईच्या कामातील पाच शब्द त्यांना विचारून लिहून आणा. त्यांना मराठीत आणि उर्दूत काय म्हणतात ते वर्गात सांगा.

६. वसतिगृहात प्रवेश मिळावा म्हणून अर्ज लिहा. नाव झाकून तो मित्राला वाचायला द्या. त्याने तुम्हांला ओळखले का?